मुक्त सॉफ्टवेअर आणि घरची कलाकुसर
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



निवृत्त शिक्षक बोलावयास उभा राहिला की तो संस्कार नाही तर व्यायाम यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आम्ही आज संगणकावर बोलणार आहोत. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा यंत्राच्या अंतरंगाची चर्चा आमच्याकडून व्हावयाची नाही. लग्नपत्रिका, जुने फोटो, वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडच्या ओव्या आणि आपली ही स्मरणिका, एवढ्यापुरतेच आमचे बोलणे आहे.

प्रथम एक कडू गोष्ट सांगतो. आपल्यांतील अनेक घरांत चित्रकामाचे जे महागडे सॉफ्टवेअर आहे ते विकत घेतलेले नाही. कोणीतरी कुलूप तोडून दिलेली ती प्रत असते. शेजाऱ्याच्या परसातील पेरू न विचारता तोडणाऱ्या मुलास आपण रागे भरतो, आणि त्याच मुलास अशी प्रत ‘सगळेच वापरतात’ म्हणून आणून देतो. गरज खरी असते आणि ऐपत नसते, हे आम्ही जाणतो. शिवाय अलीकडे यांतील पुष्कळ सॉफ्टवेअर विकतही मिळत नाही. महिन्याचे भाडे भरावे लागते. भाडे थांबले की हत्यार हातातून गेले. परंतु चोरी आणि भाडे यांखेरीज तिसरा मार्ग आहे, आणि तो आज चाळीस वर्षांहून अधिक काळ खुला आहे.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ नावाचा उपक्रम जाहीर केला. सॉफ्टवेअर वाटेल त्या कामासाठी चालवावे, त्याची घडण पाहून ती बदलावी, प्रती दुसऱ्यास द्याव्यात आणि सुधारलेली प्रतही वाटावी, ही मोकळीक वापरणाऱ्यास असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ येतात, म्हणून त्यांस वर्षानुवर्षे खुलासा करावा लागला. आपल्या भाषेत ती अडचण नाही. हे सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळते खरे. पण त्याचे मोल ते मुक्त असण्यात आहे. आम्ही शिक्षक पाठाचे टाचण एकमेकांस देत असू. घेणारा त्यात आपली दोन उदाहरणे घालून ते पुढच्यास देई. तसाच हा व्यवहार आहे.

आता अवजारांकडे वळू. फोटोंसाठी ‘गिंप’ आहे. १९९५ साली बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी ते हाती घेतले. घडीची रेघ किंवा बुरशीचा डाग असेल तर शेजारचा निर्दोष भाग उचलून त्यावर बसविता येतो. मूळ फोटोची प्रत मात्र वेगळी राखावी, आणि हात आवरता घ्यावा. आजोबांच्या कपाळावरील सुरकुत्या हा काही डाग नव्हे. पत्रिका, रांगोळीचे नमुने, मंडपाचे फलक यांसाठी ‘इंकस्केप’. त्यात आकृती रेषांच्या गणिताने साठविली जाते, म्हणून पत्रिकेवरचा गणपती मांडवाएवढा केला तरी त्याच्या कडा फाटत नाहीत.

‘ऑडॅसिटी’विषयी थोडे अधिक बोलतो, कारण तेथे वेळ थोडा उरला आहे. जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या मुखी आहेत अशा आपल्या घरांतील स्त्रिया आता बहुतेक ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. मोबाइलवर आवाज घ्यावा; गाणे सुरू होण्यापूर्वी चारपाच सेकंद सर्वांनी गप्प बसावे. त्या शांततेत पंख्याची जी घरघर टिपली जाते ती ऑडॅसिटीस नमुना म्हणून दाखविली, की तेवढीच घरघर संपूर्ण ध्वनिमुद्रणातून कमी करता येते. फार कमी करू नये, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

फुकटचे ते कच्चे, असा आक्षेप तरुण मंडळी घेतात. लाटव्हियातील ‘फ्लो’ या चित्रपटास २०२५ साली सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले; तो ‘ब्लेंडर’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घडविला आहे. उणिवा नाहीत असे नव्हे. छापखान्यास चार शाईंचे रंग लागतात, आणि गिंप मुख्यतः पडद्याच्या तीन रंगांत काम करते. त्यामुळे छापील कुंकवाचा रंग अपेक्षेहून मळकट निघण्याचा संभव असतो. नमुनाप्रत पाहिल्यावाचून छपाईस संमती देऊ नये.

आता स्मरणिकेविषयी. मंडळाच्या रौप्यमहोत्सवी अंकाची फाइल एका छापखान्याकडून मिळाली. ती उघडली तर इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रास दिसते. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या मराठी अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी असे. तो टंक गेला की मजकूरही गेला. त्या अंकात संस्थापकांच्या आठवणी आहेत, आणि त्या सांगणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. छापील प्रती दोनच उरल्या असून एकीस वाळवी लागली आहे. आपलाच मजकूर आपणांस वाचता येऊ नये, याहून मोठे पारतंत्र्य कोणते?

युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीस स्वतंत्र स्थान आहे. त्यात लिहिलेला मजकूर कोणा एका टंकावर अवलंबून राहत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक मुक्त परवान्याखाली मिळतात. लेख ‘लिब्रेऑफिस’मध्ये लिहावेत, पानांची जुळणी ‘स्क्रायबस’मध्ये होते. पूर्वी स्क्रायबसमध्ये जोडाक्षरे मोडत असत. २०२४ साली आलेल्या १.६ या आवृत्तीत ती नीट बसतात. छापखान्यास पीडीएफ द्यावी आणि मूळ फाइल मंडळापाशी ठेवावी.

रौप्यमहोत्सवी अंक पुन्हा टंकलिखित करावयाचा आहे. प्रत्येक घराने चार पाने घेतली तरी काम पावसाळ्यापूर्वी संपेल. ज्यांस इनस्क्रिप्ट कळफलक येत नाही त्यांस तो आम्ही रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात शिकवू. नावे चिटणिसांकडे द्यावीत. मूळ प्रत मात्र कोणीही घरी नेण्यास मागू नये; पानांची छायाचित्रे आम्ही देऊ.