लसीची गाठ आणि युरेटचे स्फटिक

(नरपड, ता. डहाणू येथे पशुपालक शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



मी पिकांचा माणूस. पण भातशेतीत बैल आहे तोवर बैलाच्या मानेचा विषय मलाही टाळता येत नाही. लाळ-खुरकताची लस टोचली की मानेवर गाठ येते, जू टेकवता येत नाही, म्हणून पुढच्या खेपेस काही जण जनावर रानात सोडून देतात. ही गाठ का येते ते पाहू.

मारलेला रोगजंतू नुसता टोचला तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. म्हणून लसीत तेल किंवा ॲल्युमिनियमचे क्षार मिसळतात. फ्रान्सचे शास्त्रज्ञ रामों यांना १९२५ च्या सुमारास दिसून आले की, टोचलेल्या जागी गळू झालेल्या घोड्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त तयार होते. मग त्यांनी लसीत मुद्दाम टॅपिओका, म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा होतो ते पीठ, घालून पाहिले! १९२६ मध्ये इंग्लंडात ग्लेनी यांनी तुरटी वापरली.

या सुजेमागचा एक धागा २००३ मध्ये अमेरिकेत सापडला. मेलेल्या पेशींतून युरिक आम्ल सुटते, त्याचे सुईसारखे स्फटिक बनतात व ते शरीराला धोक्याची सूचना देतात. कोंबडीच्या विष्ठेतला पांढरा भाग तो हाच पदार्थ. उंदरांना लसीतील प्रथिनाबरोबर हे स्फटिक टोचले तेव्हा प्रतिकारशक्ती वाढली. परंतु माणसाच्या सांध्यात तेच साचले की गाऊटचा ठणका लागतो. त्यामुळे हे काम प्रयोगशाळेपुरतेच समजावे. विष्ठेचे घरगुती प्रयोग कोणी करू नयेत.

तेव्हा लहान, टणक गाठ ही शरीर कामाला लागल्याची खूण होय. ती बहुधा काही आठवड्यांत विरते. चोळू नये, फोडू नये, डाग तर मुळीच देऊ नये. गाठ गरम व मऊ होऊन वाढू लागली, पू आला, तर मात्र ती लसीची नव्हे, अस्वच्छ सुईची समजून डॉक्टरांना दाखवावी. प्रत्येक जनावरास वेगळी सुई मागा. बैलास जुवाची जागा सोडून टोचण्यास सांगा, आणि नांगरणीच्या तीन-चार आठवडे आधी टोचून घ्या.

दूध एक-दोन दिवस कमी होईल. खुरकतात खुरे सडलेला बैल मात्र सगळा हंगाम दावणीला राहतो. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ही लस मोफत आहे. चार महिन्यांवरील वासरेही दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावीत.