ताण बाईचा नव्हे, कामाचा
(मुदखेड येथील महिला मेळाव्यातील भाषण)



मी चार हंगाम जिनिंगमध्ये काम केलं. कापसाची धूळ छातीत जाते, ती खोकल्यातून कळते. डोक्यात काय साचतं ते कुणी विचारत नाही. उद्या काम मिळेल का, मुकादम चारचौघांत काय बोलेल? लघवीला आडोसा नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही. घरी चूल वाट बघते, रात्री झोप नाही. दवाखान्यात म्हणाले, ‘बाई, टेन्शन घेऊ नका.’ मी कुठं घेतलं? कामानं दिलं!

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात, कामावरच्या हिंसेबरोबर मनावरच्या ताणाचाही विचार आहे. आपल्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसं असतील तिथं लैंगिक छळाची तक्रार समिती हवी. कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. पण रोजचा पाणउतारा, कामाचा नसलेला भरवसा, यांवर त्यात उपाय नाही.

एकटी बोलली की दुसऱ्या दिवशी तिचं काम जातं. म्हणून आम्ही पाचजणी मिळून गेलो. आडोसा मिळाला, पाण्याचा माठ आला. शिव्या थांबल्या नाहीत. पण आता ऐकणारी एकटी नसते. तुमच्या जिनिंगमध्ये तुम्ही कितीजणी आहात?