आउट्रमचं घराणं आणि आपली वंशावळ



आपल्या भागात इंग्रज कधी आले, असं नंदुरबारात कोणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, 1818. पेशवाई बुडाली, खानदेश कंपनी सरकारकडे गेला आणि धुळ्याला कलेक्टर बसला. हे खरंच आहे. पण इंग्रजांनी आपलं गाव त्याच्या दोनशे वर्षं आधी पाहिलं होतं. विल्यम फिंच नावाचा व्यापारी 1610 मध्ये इथून गेला. 1615 मध्ये सर टॉमस रो, इंग्लंडच्या राजाचा वकील, सुरतेहून बऱ्हाणपूरला जाताना नंदुरबारवरूनच पुढे गेला. 1666 मध्ये कंपनीनं इथे वखार घातली. खानदेशच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, 1670 मध्ये नंदुरबारची भरभराट पाहून अहमदाबादचे इंग्रज व्यापारी इकडे आले. त्या काळी इथली द्राक्षं आणि खरबुजं नावाजलेली होती.

आले, पण राहिले नाहीत. माझ्या आजच्या बोलण्याचा धागा इथूनच निघतो. ऑस्ट्रेलियात, कॅनडात, दक्षिण आफ्रिकेत इंग्रज कुटुंबं बायकामुलांसकट गेली, तिथली जमीन घेतली, कुंपण घातलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच झाली. हिंदुस्थानात कंपनीनं हे होऊ दिलं नाही. 1833 च्या कायद्यापर्यंत साध्या इंग्रजाला परवान्याशिवाय इथे येऊन राहायची मुभा नव्हती, मग जमीन घेणं तर दूरच. पुढे वाट मोकळी झाली तरी आपल्या महाराष्ट्रात घर करून राहिलेले थोडेच. पाचगणीचा जॉन चेसन हा त्यातला. सह्याद्रीच्या माथ्यावर त्यानं जमीन घेतली, सिल्व्हर ओक लावले, आणि तिथल्याच सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याला मूठमाती मिळाली. तापीच्या काठी मात्र कोण्या इंग्रजानं शेत नांगरल्याचं आपल्या कोणाच्या आज्या-पणज्यानं सांगितलेलं नाही. इकडे घराणी आली ती नोकरीच्या वाटेनं. बाप आला, मुलगा आला, भाऊ आला, पुतण्या आला, आणि पेन्शन घेऊन परत गेला.

अशा एका घराण्याची गोष्ट मी आज सांगणार आहे. आउट्रम घराण्याची. कारण या घराण्याच्या वंशावळीचं एक पान खानदेशात लिहिलं गेलं.

बेंजामिन आउट्रम हा इंग्लंडच्या डर्बीशायरमधला इंजिनिअर. कालवे खणणं आणि लोखंडी रूळ टाकणं हा त्याचा धंदा. बटर्लीचा लोखंडाचा कारखाना 1790 मध्ये त्यानं भागीदारीत सुरू केला. ट्राम हा शब्द त्याच्या आडनावावरून आला, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं आहे. ते खरं नाही, शब्द त्याच्याहून जुना आहे. घराण्याचा इतिहास शोधताना अशा गोड कथा वाटेत पुष्कळ भेटतात. ऐकायला बऱ्या वाटतात, पण तपासल्याशिवाय उतरवून घ्यायच्या नसतात.

बेंजामिन 1805 मध्ये अचानक वारला. धाकटा मुलगा जेम्स तेव्हा दोन वर्षांचा होता. मागे पाच मुलं, आणि धंद्याच्या हिशेबात पैसा अडकलेला. विधवा मार्गारेट मुलांना घेऊन स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनच्या बाजूला राहायला गेली. तिचे वडील जेम्स अँडरसन शेतीशास्त्रावर लिहिणारे नामांकित गृहस्थ. त्यांच्या कामाची आठवण देऊन या बाईनं सरकारकडून स्वतःसाठी वर्षासन मिळवलं. घराण्याची कथा सांगणारे लढायांवर पानंच्या पानं खर्च करतात. मला मात्र वाटतं, या घराण्याचा खरा कर्ता पुरुष ही बाईच होती. थोरला मुलगा फ्रान्सिस कंपनीच्या मुंबईच्या इंजिनिअर दलात गेला. 1819 मध्ये धाकटा जेम्स कॅडेट होऊन मुंबईला आला. वय वर्षं सोळा. आपल्याकडे त्या वयाची मुलं दहावीचा निकाल घेऊन दारोदार पेढे वाटत असतात.

1825 मध्ये हा जेम्स आउट्रम खानदेशात आला. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. सात वर्षं सरकार भिल्लांच्या मागे पलटणी धाडत होतं. पलटण डोंगराच्या पायथ्याशी तापानं आजारी पडायची, आणि भिल्ल सातपुड्यात निघून जायचे. तेव्हा एल्फिन्स्टननं दुसरा मार्ग धरला. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी केल्या. आपलं नंदुरबार आणि सुलतानपूर वायव्येच्या एजन्सीत आलं. आणि भिल्लांचंच एक पथक उभारायचं ठरलं. ते काम आउट्रमकडे आलं, ठाणं धरणगावला पडलं.

पहिल्यांदा भरती झाले ते नऊ जण. आउट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला जाई, त्यांच्यात बसे, आणि त्यातूनच विश्वास जमला, असं त्याचं चरित्र सांगतं. पथक थोडं वाढल्यावर तो त्यांना घेऊन मालेगावला गेला. तिथे त्याची स्वतःची जुनी पलटण होती. पलटणीतले शिपाई वरच्या जातींचे. भिल्लांना ते जवळ करतील की नाही, हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न होता. त्या शिपायांनी भिल्लांना आपल्याजवळ बसवलं आणि पानसुपारी दिली. एवढीच गोष्ट आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी, ज्याला दूर ठेवत होते त्याच्या हातावर पानाचा विडा ठेवणं म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पथक पुढे शेकड्यांनी वाढलं. आउट्रम दहा वर्षं इथे होता.

तो गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्याच्या काही म्हाताऱ्या शिपायांना कुठेतरी एक लहानशी ओबडधोबड मूर्ती सापडली. तिच्या चेहऱ्यात त्यांना आपला जुना साहेब दिसला. त्यांनी ती मांडली आणि आउट्रमसाहेब म्हणून पुजली. खानदेशच्या 1880 च्या गॅझेटियरमध्ये ही हकीकत आहे. इंग्रज लेखकांनी ती मोठ्या अभिमानानं सांगितली. मला ती वाचताना वेगळंच वाटतं. साहेबाला मूर्ती मिळाली, लंडनमध्ये पुतळा मिळाला, वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये जागा मिळाली, सिंगापुरात रस्त्याला नाव मिळालं. ती मूर्ती मांडणाऱ्या शिपायांची नावं त्या हकीकतीत नाहीत.

घराण्याचा पुढचा भाग थोडक्यात सांगतो. 1835 च्या डिसेंबरात जेम्सनं आपल्या मामेबहिणीशी लग्न केलं. तिचं नावही मार्गारेटच. त्यांना फ्रान्सिस नावाचा एकच मुलगा, तोही पुढे हिंदुस्थानात मुलकी नोकरीत आला. 1857 मध्ये बाप लखनौला लढत होता. त्यानंतर सर हा किताब वंशपरंपरेनं घराण्याला मिळाला. 1863 च्या मार्चमध्ये जेम्स फ्रान्समधल्या पो या गावी वारला. तीन पिढ्यांच्या तारखा, लग्नं, नोकऱ्या सगळं कागदावर आहे.

हे इतकं नीट कसं सापडतं, ते ऐकण्यासारखं आहे. कॅडेट म्हणून अर्ज करताना मुलाला बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे. त्यामुळे जन्म आणि आईबापांची नावं कंपनीच्या दप्तरात गेली. इथे आल्यावर लग्न, मूल, मृत्यू, यातलं काहीही घडलं की पाद्री नोंद करी आणि तिची नक्कल दरवर्षी लंडनला जाई. बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन इलाख्यांच्या वेगळ्या वह्या. त्या सगळ्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणून ऑस्ट्रेलियातली एखादी आजी घरी बसून आपला खापरपणजोबा भुसावळच्या रेल्वेत होता की धुळ्याच्या कचेरीत, हे शोधू शकते. तिचं मला कौतुक वाटतं. आपल्या माणसांची नावं हुडकावीत, ही भूक सगळ्या माणसांना सारखीच असते.

आता आपल्याकडे वळू. कंपनीच्या त्याच दप्तरांत आपलीही माणसं आहेत. फक्त ती वेगळ्या दारानं आत गेलेली आहेत. पकडला गेला म्हणून नाव आलं. घाटाची राखण करायला नेमला म्हणून आलं. वर्षासन ठरलं म्हणून आलं. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक सरकारच्या पगारी यादीत होता. 1857 मध्ये तो सरकारविरुद्ध उठला आणि 11 एप्रिल 1858 ला आंबापाणीला लढाई झाली. त्याचं नाव दोन्ही वेळा कागदावर चढलं, आधी नोकर म्हणून, मग बंडखोर म्हणून. काठी, चिखली, सिंगपूर, नाल, नवलपूर या अक्कलकुव्याकडच्या मेवासी घराण्यांच्या नोंदी सरकारनं ठेवल्या, कारण त्यांच्याशी करार होते. भिल्ल पथकाचा इतिहास सिमकॉक्स नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं लिहिला, तो 1912 मध्ये छापला. त्यात पथकाची 1825 ते 1891 अशी सहासष्ट वर्षं आहेत. सहासष्ट वर्षं म्हणजे शिपायांच्या तीन पिढ्या होतात. आजा, बाप आणि नातू एकाच पथकात राहिल्याचीही घरं असतील. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात त्या काळचे खानदेशचे कागद आहेत. ते आपल्यासाठी उघडे आहेत.

पण कागद कोणी लिहिला, हे विसरून तो वाचायचा नाही. लिहिणाऱ्याच्या लेखी सगळा डोंगर चोरांचा होता. त्यामुळे ज्यानं कधी चोरी केली नाही, नोकरी केली नाही, बंड केलं नाही, फक्त नागली पेरली आणि मोहाची फुलं वेचली, तो माणूस कागदावर आलाच नाही. आणि बायका तर जवळजवळ नाहीतच.

ती माणसं कुठे आहेत? मी मागे एका पाड्यावर एका म्हाताऱ्या बाबांजवळ बसलो होतो. सहज विचारलं, "बाबा, तुमना आजानं नाव काय शे?" बाबांनी डावा हात पुढे केला. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवला आणि एक नाव घेतलं. अंगठा वरच्या पेरावर सरकला, दुसरं नाव. असं करत अंगठा मधल्या बोटापर्यंत आला. सात नावं झाली. मग थांबले, मागे वळून घरातल्या बाईला आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. आतून आणखी एक नाव आलं. ते नाव त्यांच्या आजीच्या माहेरचं होतं. बाबांचा नातू शेजारीच मोबाइल घेऊन बसला होता. तो म्हणाला, "हे मला आज कळलं." आठ नावं, दोन माणसांच्या डोक्यात. नातवाच्या वहीत एकही नव्हतं.

हा केवळ हौसेचा मामला नाही. जातपडताळणीसाठी वंशावळ द्यावी लागते, आणि अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 1950 च्या आधीचा पुरावा विचारतात. वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं म्हणणं पुरावा म्हणून चालतं, जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळही चालते. म्हणजे बाबांच्या बोटांची पेरं ही कचेरीत चालणारी गोष्ट आहे. मात्र ती कागदावर उतरली पाहिजे, आणि बाबा आहेत तोवर उतरली पाहिजे.

त्यासाठी लंडन लागत नाही. शंभर पानी वही पुरते. पहिल्या पानावर घरातल्या सर्वांत जुन्या माणसाचं नाव लिहा. त्याच्या आईचं लिहा, आणि आईचं माहेरचं गाव लिहा, कारण बायकांची नावं सर्वांत आधी हरवतात. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला आले, ते विचारा. दुष्काळात आलो, प्लेगात आलो, धरणात गाव गेलं म्हणून आलो, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आपल्या जिल्ह्यातली नर्मदाकाठची गावं गेली, तिथल्या घरांनी तर ही वही आधी करावी. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख शेवटी टाका. काही ठिकाणी दोन म्हातारे दोन वेगळी नावं सांगतील, तर दोन्ही लिहा. मग शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, कोतवाल बुकाच्या जन्ममृत्यू नोंदीत, जुन्या सातबाऱ्यावर ती नावं ताडून पाहा. जिथे जुळेल तिथे खूण करा.

शिक्षक मित्रांना माझी खास विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून मुलांना एवढंच सांगा की, आजा-आजीकडून पाच पिढ्यांची नावं लिहून आणा. आणलेल्या वह्या रद्दीत घालू नका, शाळेच्या कपाटात ठेवा.

धरणगावच्या पथकात पहिल्यांदा नावं देणाऱ्या त्या नऊ जणांचे नातू-पणतू आज खानदेशातच कुठेतरी असतील. त्यांना शोधत लंडनहून कोणी येणार नाही. आज रात्री जेवणं झाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि पहिलं नाव विचारा.