सिकंदर हे नाव कुणाचं?

आज मी एकाच नावाबद्दल बोलणार आहे. सिकंदर. हेच नाव का, ते आधी सांगतो. हल्ली आपल्या घरांत बाळाचं नाव ठेवायचं म्हटलं की कुणीतरी मोबाइलवर यादी उघडतं आणि विचारतं, 'हे नाव इस्लामी आहे ना?' घराबाहेर भाड्याची खोली बघायला गेलं की त्याच नावावरून दार उघडायचं की नाही हे ठरतं. आतल्यांची आणि बाहेरच्यांची समजूत एकच: नावाला धर्म असतो.

सिकंदरचं मूळ ग्रीक आहे, अलेक्झांड्रोस. 'अलेक्सो' म्हणजे रक्षण करणं आणि 'आनेर' म्हणजे पुरुष. माणसांचं रक्षण करणारा. ज्या राजामुळे हे नाव जगभर गेलं तो अनेक देव मानणारा होता आणि इ.स.पू. 323 मध्ये वारला. म्हणजे पैगंबरांच्या जन्माआधी जवळजवळ नऊशे वर्षं!

अरबांच्या कानावर हे नाव पडलं तेव्हा गंमत झाली. सुरुवातीचा 'अल' त्यांना आपल्या 'अल-किताब'मधल्या 'अल'सारखा वाटला. तो वेगळा काढून त्यांनी 'अल-इस्कंदर' केलं. 'क्स'चं 'स्क' झालं, जसं आपल्या गावाकडे 'नुकसान'चं 'नुस्कान' होतं. पुढे फारसीत सुरुवातीचा 'इ'ही गळाला आणि सिकंदर उरला.

इराणची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. या माणसाने त्यांचं साम्राज्य बुडवलं, त्याच्या मुक्कामात पर्सेपोलिसचे राजवाडे जळाले. जुन्या झरथुष्ट्री ग्रंथांत त्याला शापित म्हटलं आहे. पण फिरदौसीच्या शाहनाम्यात तोच सिकंदर इराणी राजा दाराबचा मुलगा होतो! शत्रूला घरातलाच करून टाकलं. बाराव्या शतकात निजामीने त्याला ज्ञानाच्या शोधातला राजा केलं. कुरआनात मात्र सिकंदर हे नाव कुठेही नाही. सूरह कहफमध्ये झुलकरनैन येतात. अनेक भाष्यकारांनी ते सिकंदरच मानले, तर मौलाना आझादांनी ते इराणचा सायरस असल्याचं मांडलं.

ज्यूंमध्येही हे नाव जुनं आहे. पूर्व युरोपातल्या यिद्दिशमध्ये त्याचं 'सेंडर' झालं. हंगेरीत ते शांडोर, स्कॉटलंडमध्ये अ‍ॅलिस्टर, आणि रशियात लाडाने साशा.

मला सर्वांत आवडतो तो अल्बानियाचा किस्सा. ग्येर्ग कास्त्रियोती हा ख्रिस्ती सरदाराचा मुलगा ओस्मानी दरबारात वाढला. तिथे तो इस्कंदर बे झाला. 1443 मध्ये त्याने त्याच ओस्मानींविरुद्ध बंड केलं, पुन्हा ख्रिस्ती झाला आणि 1468 मध्ये मरेपर्यंत लढला. धर्म बदलला, बाजू बदलली, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते तुर्कांनी दिलेलंच: स्कांदरबेग. आज अल्बानियात मुसलमानांची संख्या सर्वांत मोठी आहे, आणि त्यांचाही राष्ट्रवीर हाच. तिराना शहराच्या मुख्य चौकाला त्याचं नाव आहे.

आपल्याकडे अलाउद्दीन खिलजीने नाण्यांवर स्वतःला 'दुसरा सिकंदर' म्हणवून घेतलं. निजाम खान लोदी गादीवर बसताना सिकंदर झाला. तिसरा निजाम सिकंदर जाह याच्यावरून सिकंदराबाद. पंजाबात सिकंदर सिंग नावाचे शीख भेटतात. अजिंठ्यावर उर्दूत कविता लिहिणारे सिकंदर अली वज्द आपल्या मराठवाड्यातले, वैजापूरचे. आणि परीक्षेत काठावर पास झालेल्या पोराला आजी म्हणते, 'नशीब सिकंदर म्हणून सुटलास.' ती आजी कुठल्याही घरातली असू शकते.

आता ती मोबाइलवरची यादी पुन्हा बघा. सिकंदर तिच्यात ठेवायचा, की ग्रीक म्हणून खोडायचा? मग आपल्या गावांतल्या जुन्या माणसांची दगडू, गुलाब, बाबालाल ही नावंही खोडणार का? ती तर इथल्याच मातीतली. घरी गेल्यावर पणजोबांचं नाव काय होतं, ते कुणी ठेवलं, एवढं विचारून या. पुढच्या बैठकीत ती नावं फळ्यावर लिहू आणि तिथूनच सुरुवात करू.