भाग बदलण्याआधी

घरी बांधलेले व्हॉल्व्हचे गिटार-पेडल पहिल्यांदा चालू केले आणि मुकेच राहिले, की बहुतेकांचा हात व्हॉल्व्हकडे जातो. तो काचेचा, जुन्या जमान्यातला आणि सॉकेटमधून सहज निघणारा. त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर. माझे म्हणणे याच्या उलट आहे. चालता चालता बंद पडलेल्या यंत्राची जोडणी बरोबर होती, हे ते पूर्वी चालत होते यावरूनच सिद्ध होते. तिथे झिजलेला भाग शोधणे योग्य. घरगुती पेडलात नेमकी जोडणीच सिद्ध व्हायची असते. म्हणून संशय आधी तिच्यावर घ्यावा.

१२एएक्स७ हा नेहमीचा व्हॉल्व्ह घ्या. त्याच्या नऊ पिना खालून पाहत, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या असतात. वरून तशाच मोजल्या तर सगळी जोडणी उलटी होते. हीटरला ४ आणि ५ या पिनांमध्ये १२.६ व्होल्ट लागतात, किंवा त्या दोन्ही एकत्र करून ९ व्या पिनेशी ६.३. पहिल्या पद्धतीने जोडून ६.३ व्होल्टच दिले, तर कोरा व्हॉल्व्हही नीट तापत नाही आणि मेल्यासारखा वागतो. पुढचे मल्टिमीटर सांगतो. समजा पुरवठा २५० व्होल्ट, प्लेटला १०० किलोओहम आणि कॅथोडला १.५ किलोओहमचा रेझिस्टर आहे. कॅथोडवर दीड व्होल्ट दिसले, तर प्रवाह १ मिलिअँपिअर. तोच प्लेटच्या रेझिस्टरमध्ये १०० व्होल्ट खातो, म्हणून प्लेटवर १५० मिळायला हवेत. प्लेटवर पूर्ण २५० आणि कॅथोडवर शून्य, तर प्रवाहच नाही: आधी हीटर पाहा. प्लेटवर २५० च्या आसपास आणि कॅथोडही बराच वर चढलेला, तर त्याचा रेझिस्टर ग्राउंडला पोचलेला नाही. एकाच लक्षणाची दोन कारणे दोन आकड्यांनी वेगळी होतात.

कोणी म्हणेल, व्हॉल्व्ह बदलायला मिनिट लागते, मग एवढा खटाटोप कशाला? बदलून आवाज आला तर ठीकच. नाही आला, तर दुसराही व्हॉल्व्ह खराब की जोडणीच चुकलेली, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मीटर लावल्यानेच सर्किट बदलते. १ मेगाओहमच्या ग्रिडवर ते खरे आहे. १० मेगाओहमचा डिजिटल मीटरही तिथे सुमारे दहा टक्के फरक पाडतो. पण प्लेट आणि कॅथोडवर तो नगण्य, आणि निर्णय तिथेच होतो. तिसरा आक्षेप असा, की सगळे व्होल्ट बरोबर असूनही पेडल मुके राहू शकते. तेव्हा दोष कपलिंग कपॅसिटर, स्विच किंवा जॅकमध्ये शोधावा. पुरेशा व्होल्टेजचा कपॅसिटर मध्ये घालून अॅम्प्लिफायरची तार एकेका टप्प्यावर टेकवली, की आवाज कुठे हरवतो ते कळते. मात्र २५० व्होल्ट जीवघेणे असतात, आणि बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहतात. सोल्डरिंगआधी ते रेझिस्टरमधून उतरवून मीटरने खात्री करावी. ही तपासणी वेळखाऊ वाटेल, पण तिच्यातले प्रत्येक मोजमाप एखादी शक्यता कायमची बाद करते. अंदाजाने बदललेला भाग तेवढेही करत नाही.