नमुना 1 पाहिलाय का?



घराचा नमुना 8 आपल्याला पाठ असतो. कर्जाला लागतो, घरकुलाला लागतो. पण नमुना 1? तो आपल्या ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प. वर्षभरात गावाकडे पैसा किती येणार आणि कशावर जाणार, ते त्यात लिहिलेलं असतं. आज आम्ही त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहोत: ठेक्यावर दिलेली कामं.

संगणक परिचालकांचंच बघा. ग्रामपंचायतीत आपल्याला दाखले काढून देतात ते. 2016 साली आपले सरकार सेवा केंद्रं आली आणि हे काम कंपनीमार्फत चाललं. त्यासाठी ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून महिन्याला 12,331 रुपये द्यायचे ठरले. परिचालकाच्या हाती मात्र कित्येक वर्षं 6 ते 7 हजारच पडत होते. बाकीचे साहित्य, देखभाल, कंपनीचा खर्च या नावाने जात. त्यासाठी या मुलामुलींनी मोर्चे काढले, काम बंद ठेवलं.

ठेका वाईटच, असं आमचं म्हणणं नाही. बोअरची मोटर जळली तर जाणकार माणूस बाहेरून आणावाच लागतो. पण गटार तुंबलं की सरपंच म्हणतात, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो, बिल निघालं नाही. आणि झाडू मारणारी बाई आपल्यातलीच. तिची मजुरी थकलेली. घरपट्टी आपण भरली, पाणीपट्टी आपण भरली, मग जाब कुणाला विचारायचा?

जाब विचारायची जागा आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. तिथे नमुना 1 वाचून दाखवायला सांगा आणि तीनच प्रश्न विचारा. या कामाला ग्रामपंचायत किती देते? काम करणाऱ्याच्या हातात किती पडतात? काम झालं नाही तर बिल कोण अडवणार?

उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या, तोंडी नको. करारनामा दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज द्या. 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या बहिणींना फीसुद्धा नाही.

बचत गटाच्या वहीत दहा रुपयांचा फरक आला तरी आपण उठत नाही. गावाची वहीही तशीच तपासू या.