चोपडे : नदीकाठचा गाव आणि त्याची वस्ती

शापोरा नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडे वरच्या अंगाला, उत्तर तीरावर, चोपडे हा गाव आहे. तालुका पेडणे, जिल्हा उत्तर गोवा. पश्चिमेला मोरजी, वायव्येला मांद्रे, शेजारी लागून आगरवाडा, त्यापलीकडे पार्से आणि तुये. दक्षिणेला नदी आणि नदीपल्याड बार्देश तालुक्यातील शिवोली. कारभारासाठी आगरवाडा आणि चोपडे यांची मिळून एकच पंचायत आहे. नकाशावर दोन नावे दिसत असली तरी रस्त्याने जाणाऱ्याला एक गाव कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला हे सांगणे सोपे नाही.

गावाचा सारा भूगोल नदीने ठरवला आहे. तिचा उगम सह्याद्रीत, रामघाटाच्या परिसरात. महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यात ती तिळारी म्हणून ओळखली जाते आणि गोव्यात उतरल्यावर कोलवाळवरून शिवोलीकडे येईपर्यंत तिची शापोरा होते. चोपड्यापाशी ती पुरती खाडीच असते. भरतीचे खारे पाणी येथून कितीतरी आत, कोलवाळच्याही वर चढते. त्यामुळे गावासमोर अथांग पाणी असूनही ते ना पिण्याच्या उपयोगाचे, ना शिंपण्याच्या. पेडणे तालुक्यातील नळांना पाणी पुरवते ते चांदेलचे जलशुद्धीकरण केंद्र, आणि ते दूर आत, गोड्या पाण्याच्या बाजूला आहे.

नदीकडून आत चालत गेले की जमीन पायरीपायरीने चढते. काठाला खारफुटी आणि चिखल, त्यामागे बांध, बांधाच्या आत सखल खाजन शेते. त्यानंतर माडांची रांग आणि घरे. मागच्या उतारावर काजू-आंबा, आणि सर्वांत वर जांभ्या दगडाचा सडा, जिथे पावसाळ्यात गवत उगवते आणि मार्चपर्यंत सारे करपून जाते. भातशेतीचेही उंचीप्रमाणे तीन प्रकार पडतात. वरची कोरडवाहू ती मरड, मधली ओल धरणारी ती खेर आणि नदीलगतची ती खाजन. पाऊस साधारण तीन हजार मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसात होणारे पीक सरद. मागून पाण्याची सोय असेल तिथेच वायंगण निघते.

यांतली खाजन जमीन नीट समजून घेण्यासारखी आहे. भरतीच्या पातळीपेक्षाही सखल असलेली ही शेते केवळ बांधाच्या आधारावर उभी आहेत. बांधात ठरावीक ठिकाणी मानस असते. मानस म्हणजे पाण्याचे दार. जांभ्याच्या भक्कम खांबांत लाकडी फळ्या अशा बसवलेल्या असतात की ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून बाहेर पडते आणि भरती चढू लागली की बाहेरच्या दाबाने त्या आपोआप मिटतात. ना यंत्र, ना वीज. माणसाचे काम देखरेखीचे, आणि ओहोटीच्या वेळी तोंडाला जाळे लावून मासळी धरण्याचे. ही मासळी धरण्याचा हक्क लिलावात देण्याची पद्धत गोव्याच्या खाजनांत जुनी आहे. पावसाने मीठ धुऊन निघाले की शेतात कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात लावतात. पण बांधाला एकदा खांड पडली आणि ती वेळीच बुजवली नाही, की खारे पाणी आत शिरते आणि शेत काही वर्षे हातचे जाते. बांध सगळ्यांचा, दुरुस्ती मात्र कोणाची, हा वाद गोव्यातल्या जवळपास प्रत्येक खाजन गावात आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींसाठी वेगळ्या तरतुदी कराव्या लागल्या, त्यामागे या जमिनींचे हेच नाजूकपण आहे.

आगरवाड्याची मिठागरे याच सखल पट्ट्यात आहेत. पाऊस सरल्यावर खाचरांतले पाणी काढून तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. मग भरतीचे पाणी एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत दाट केले जाते. उन्हाळा चढला की शेवटच्या खाचरात स्फटिक धरू लागतात, ते लाकडी फावड्याने ओढून कडेला रास घालतात आणि पहिल्या सरीच्या आत झाकतात. कष्ट मोठे आणि हंगाम थोडा. बाहेरून येणाऱ्या स्वस्त आयोडीनयुक्त मिठापुढे हा धंदा टिकून आहे तो बराचसा जुन्या गिऱ्हाइकांवर.

आज हाक मारावी इतकी जवळ वाटणारी शिवोली अडीचशे वर्षे परक्या मुलखात होती. बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. पेडणे मात्र सावंतवाडीच्या भोसल्यांकडे राहून १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. दक्षिण काठ जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, उत्तर काठ नव्या काबिजादीत. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा काळ मागे पडला होता आणि नव्या काबिजादींतील लोकांचे धर्म व रीतिरिवाज बहुतांशी तसेच राहू देण्यात आले. म्हणून शिवोलीला चर्चची शुभ्र दर्शनी भिंत दिसते, आणि नदी ओलांडली की मोरजीची मोरजाई, पार्शाची भगवती अशी ग्रामदैवतांची मालिका सुरू होते. पेडण्यात वस्ती प्रामुख्याने हिंदू. घरात बोलायला कोकणी, कीर्तनाला, नाटकाला आणि वाचायला मराठी. दशावतार जसा सिंधुदुर्गात रंगतो तसाच येथेही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने वेगळे राहण्याचा निर्णय दिला, पण पेडण्याचा कल महाराष्ट्रात विलीन होण्याकडे होता. हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

पूल होईपर्यंत चोपडे-शिवोली ये-जा फेरीबोटीने होती. फेरी चुकली की धक्क्यावर ताटकळायचे, नाही तर कोलवाळच्या पुलावरून मोठा वळसा. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत पूल झाला आणि म्हापशाचा बाजार, दवाखाने, महाविद्यालये दहा-बारा किलोमीटरवर आली. चोपड्याला मात्र पुलाने थांब्याऐवजी तिठा करून टाकले. शिवोलीकडून आलेली वाहने येथून मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यांकडे फुटतात. फेरीची वाट पाहणारा प्रवासी निदान चहा तरी घेत असे.

वस्तीचे आकडे तालुक्यापासून पाहणे सोयीचे. पेडणे तालुक्याची लोकसंख्या २००१ मध्ये ७१,९९९ होती, २०११ मध्ये ती ७५,७४७ झाली. म्हणजे दहा वर्षांत सव्वापाच टक्क्यांच्या आसपास वाढ. त्याच काळात गोव्याची लोकसंख्या सव्वाआठ टक्क्यांनी वाढून १४,५८,५४५ वर गेली. राज्यात दर चौरस किलोमीटरला ३९४ माणसे, पेडण्यात तीनशेच्या आसपास. तालुका विरळ राहिला याची कारणे उघड आहेत. सडे वस्तीला निरुपयोगी, बंदर नाही आणि नोकरीसाठी मुंबई गाठण्याचा जुना परिपाठ. अलीकडे तुयेची औद्योगिक वसाहत, किनाऱ्यावरची हॉटेले आणि जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर सुरू झालेली वाहतूक यांनी तालुक्यातच रोजगार आणला आहे. त्याबरोबर जमिनीचे भावही चढले.

चोपड्यातील घरे वाड्यावाड्यांनी विखुरलेली आहेत, कारण पाणी, उतार आणि भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, जमीन जिथे मिळाली तिथे माणूस राहिला. याच्या अगदी उलट प्रकार अमेरिकेच्या मध्यभागातील लहान गावांत दिसतो. तेथे १७८५ च्या कायद्याने जमीन आधी सहा-सहा मैलांच्या चौकोनांत आखली आणि माणसे मागाहून आली. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांनी कसणाऱ्याला आणि भाटात राहणाऱ्याला हक्क दिले, पण घरांच्या जागा बदलल्या नाहीत.

भारतीय जनगणना एखाद्या गावाला शहर मानते ते किमान पाच हजार वस्ती, दर चौरस किलोमीटरला चारशे माणसे आणि पुरुष कामकऱ्यांपैकी तीनचतुर्थांश शेतीबाहेर, या तीन कसोट्यांवर. वस्तीच्या कसोटीत चोपडे बरेच खाली राहते, म्हणून तो गाव. पण शेती हे आता फार थोड्यांचे मुख्य काम. शिवाय जनगणना मोजते ते नेहमीचे रहिवासी. ऑक्टोबर ते मार्च भाड्याच्या खोल्यांत राहणारे परदेशी, त्यांत मोरजीच्या बाजूला रशियन पुष्कळ, बांधकामावरचे परप्रांतीय मजूर, हॉटेलांतले मोसमी कामगार, हे सारे रस्त्यावर दिसतात, पण त्यांतले थोडेच येथील रहिवासी म्हणून मोजले जातात. उलट मुंबईत स्थिरावलेली आणि चवथीला गावी येणारी कुटुंबे मोजली जातात ती मुंबईत. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली, त्यामुळे पूल आणि विमानतळ या दोहोंनंतरची वस्ती आकड्यांत दिसण्यासाठी नव्या गणनेची वाट पाहावी लागणार आहे. तिच्यासाठी गोव्यात १ मार्च २०२७ ही आधारतिथी ठरली आहे.